सरस वितळायला चाळीस मिनिटं

दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या ताईच्या तोंडून एकच शब्द गेला, आणि पुढचे चार महिने त्या शब्दाने तिला धड झोपू दिलं नाही की धड जेवू दिलं नाही.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारलं होतं, "कुठं लागलं?" विचारताना त्याने मानही वर केली नव्हती. त्याच्यापुढे छापील कागद होता, त्यातली एक रिकामी ओळ त्याला भरायची होती, आणि ताईच्या मागे आठ-दहा माणसं खोळंबली होती. तिचा नवरा आत पडद्यामागे होता. उजव्या हाताला गुंडाळलेलं फडकं लाल होऊन आता काळं पडायला लागलं होतं. कळांनी तो अर्धवट शुद्धीत होता.

"घरी," ताई म्हणाली.

"घरी कशात?"

"दारात सापडला हात."

कारकुनाने लिहिलं, शिक्का उमटवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

खरं तर त्यांच्या घराची दारं इतकी खिळखिळी होती की त्यांत कुणाचा हात सापडला असता तर दारच मोडलं असतं. हात सापडला होता पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, यंत्राच्या चिमट्यात. ताईला हे पक्कं ठाऊक होतं, कारण नवऱ्याला मिळेल त्या गाडीत घालून दवाखान्यात आणणारा तिचा धाकटा भाऊ पाचच मिनिटांपूर्वी तिला सगळं सांगून गेला होता. तो त्याच कारखान्याच्या गेटवर रखवालदार होता. गेट उघडं टाकून आला होता म्हणून धावतच परत निघाला होता. जाता जाता त्याने ताईचं मनगट धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, माझं नाव कुठं येऊ देऊ नकोस. मी मरेन."

ताईने नाव येऊ दिलं नाही. नाव टाळायचं तर गेट टाळायला हवं, गेट टाळायचं तर कारखाना टाळायला हवा. मग उरलं काय? घर.

ताईचा नवरा बाइंडर. ऐन उमेदीत तो पूर्णवेळ होता. पुढे कामं कमी झाली, यंत्रं नवी आली, आणि सहा वर्षांपूर्वी मालकाने निम्म्या माणसांना घरी बसवून उरलेल्यांना चार-चार तासांवर आणलं. बाइंडरचे तास नऊ ते एक. बाकीचा दिवस तो घरी ताईला मदत करायचा. ताई कपड्यांची दुरुस्ती करायची. चेन बदलणं, कंबर सैल करणं, पायघोळ कपडे आखूड करणं असली कामं. तो उसवायचा, ती शिवायची. गल्लीतले लोक गमतीने म्हणायचे, नवऱ्याने उसवायचं आणि बायकोने सांधायचं, हा संसार काही वेगळा नाही.

बाइंडर हा फार सरळ माणूस. इतका सरळ की कधीकधी ताईला त्याचा वैताग यायचा. एखाद्या पुस्तकाची पाठ केसभर तिरकी बसली तर तो ती प्रत स्वतःच बाजूला काढायचा आणि वर चिठ्ठी लावायचा, 'माझी चूक'. सुपरवायझर हसायचा. इतर कामगार म्हणायचे, अरे, गठ्ठ्यात मधोमध घाल ना, कुणाला दिसतंय? तो म्हणायचा, वाचणाऱ्याला दिसेल.

आता त्या यंत्राची गोष्ट. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, एकावर एक रचून यंत्राच्या चिमट्यात धरायचे, त्यांच्या पाठीला पातळ गरम सरस लागतो आणि वरून कव्हर चिकटतं. सरस येतो दाण्यांच्या रूपात, टाकीत टाकून तो तापवावा लागतो. टाकी लावल्यापासून सरस वितळायला चाळीस मिनिटं लागतात. कितीही आदळआपट केली तरी एकोणचाळीस होत नाहीत. नऊला येऊन टाकी लावली तर पावणेदहापर्यंत सगळ्यांनी हात चोळत बसायचं, आणि मग एक वाजता ठरल्या प्रती पुऱ्या होत नाहीत. म्हणून बाइंडर रोज आठ वीसला जायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. एकदा आजारी पडला आणि टाकी थंड राहिली, तेव्हा सुपरवायझरने एवढंच विचारलं होतं, "आज काय सगळ्यांनी देवावर सोडलंय का?" त्यावरून जे समजायचं ते सगळे समजले. हजेरीचं कार्ड मात्र तो नऊच्या ठोक्यालाच यंत्रात घालायचा, कारण त्याचे तास नऊला सुरू व्हायचे, आणि आधीची वेळ उमटवणं त्याला लबाडी वाटायची. न दिलेल्या पगाराची वेळ कार्डावर कशी घ्यायची, असा त्याचा हिशोब.

गेट उघडायचा नियम आठ पन्नासचा होता. दोन वर्षांपूर्वी गोदामातून कागदाची रिमं चोरीला गेली, तेव्हापासून तसा हुकूमच भिंतीवर डकवला होता. पण भावजी आठ वीसला दारात उभे राहिल्यावर मेहुण्याने त्यांना अर्धा तास बाहेर ताटकळत ठेवायचं का? तो उघडायचा. वहीत लिहायचा आठ पन्नास.

त्या दिवशी टाकी तापत होती, तेवढ्यात चिमट्यावर वाळलेला सरस खरवडावा म्हणून बाइंडरने हात घातला. यंत्र बंदच होतं, असं त्याला वाटलं होतं. मग कारखान्यात फक्त एक आवाज झाला आणि तो गेटवरच्या मेहुण्याला ऐकू गेला. पावणेनऊ वाजले होते. म्हणजे कागदावर पाहायचं तर गेट बंद होतं, कार्ड कोरं होतं, आणि बाइंडर कारखान्यात नव्हताच.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर घरी आला. पिशवीत फळं होती. बाइंडर गोळ्यांच्या गुंगीत झोपला होता. सुपरवायझर खुर्चीच्या टोकावर बसला, आवाजात अगदी साय घालून चौकशी केली, आणि दवाखान्याचा कागद बघायला मागितला. ताईने दिला. त्याने तो दोनदा वाचला, फोनवर त्याचा फोटो काढून घेतला आणि निघताना म्हणाला, "पार्टटाइम माणसाला तसंही काही मिळत नाही, वहिनी. त्यातून घरीच लागलंय म्हणजे प्रश्नच मिटला."

त्याने 'घरीच' हा शब्द ज्या तऱ्हेने उच्चारला, त्यावरून ताईला कळून चुकलं. त्याला खरं काय ते माहीत होतं. सकाळी नऊला तो कारखान्यात पोचला तेव्हा टाकी तापलेली होती आणि बाइंडर नव्हता. एवढ्यावरून शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण त्याच्या हाती आता तिचाच शब्द होता.

दोन महिन्यांनी पट्टी निघाली. मधली दोन बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, पण फार आशा धरू नका. कारखान्याने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. बाइंडरने डाव्या हाताने उसवायचं काम सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला कात्री लागली. ताईने रफू केलं. त्या संध्याकाळी तो बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे असा बघत बसला की जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि चुकून त्याच्या घरी राहिलाय.

कामगार मदत केंद्राचं नाव त्याला एका जुन्या सोबत्याने सांगितलं. एका दुकानाच्या माडीवर ते केंद्र होतं. तिथल्या बाईंच्या खुर्चीचा एक हात तुटलेला होता, आणि त्या भराभर बोलायच्या, जणू त्यांच्या बोलण्याला तासावर पैसे पडतात. बाइंडरने संकोचत विचारलं की मी अर्धवेळ आहे, आम्हाला काही नसतं म्हणतात, ते खरं का?

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी वाचलंय का कुठं?" बाई म्हणाल्या. "अर्धवेळ असल्यामुळे पगार अर्धा असतो. हात काही अर्धा सापडला नाही तुमचा. भरपाई पगाराच्या मानाने कमी बसेल, पण हक्क आहे. फक्त एक सिद्ध करायचं, की हे कामावर झालं."

"कामावरच झालं," बाइंडर म्हणाला.

बाईंनी दवाखान्याचा कागद मागितला. शेजारी बसलेली ताई म्हणाली, सापडत नाही. कागद तिच्या चेनांच्या डब्यात तळाशी घडी करून ठेवलेला होता. बाई म्हणाल्या, हरकत नाही, पुढे बघू. भरपाईचा अर्ज कामगार कार्यालयात गेला. अर्जात बाइंडरने सगळं जसंच्या तसं लिहवून घेतलं. आठ वीसला आलो, मेहुण्याने गेट उघडलं, टाकी लावली, पावणेनऊला हात सापडला. मेहुण्याचं नाव घेताना त्याला काही वावगं वाटलं नाही. काम करायला आत घेतलं त्याने, चोरी करायला तर नाही.

त्या दिवसापासून ताईचा जीव टांगणीला लागला. शिवताना चेन उलटी बसायची. भाजी चिरताना ती थांबायची आणि मनातल्या मनात वाक्य जुळवायची, 'अहो, एक सांगायचं होतं.' तिथपर्यंत वाक्य नीट यायचं, पुढे ते अडायचं. बावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला साडीची किंमत कमी सांगितली असेल, आपलं दुखणं लपवलं असेल, पण त्याच्या कष्टावर पाणी पडेल असं कधी काही केलं नव्हतं. आणि आता पाणी असं पडलं होतं की वर शिक्काही होता.

महिनाभराने कारखान्याचं उत्तर आलं. त्याला दोन कागद जोडलेले होते. पहिला दवाखान्याचा, 'घरी, दारात हात सापडला'. दुसरा रखवालदाराचा जबाब, गेट रोजच्याप्रमाणे आठ पन्नासला उघडलं, मी काही पाहिलं नाही. खाली धाकट्याची सही होती. त्याची ती वेलांटीवर उगाच शेपूट काढायची सवय ताईने लहानपणापासून पाहिली होती.

बाइंडरने दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन वाचले. ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं, आता त्याला कळेल, आणि एकदाचं जे व्हायचं ते होऊन जाईल.

बाइंडर हसला. "दवाखान्यातल्या माणसाने दुसऱ्याच कुणाची माहिती माझ्या नावावर चढवली. गर्दी असते ना तिथं." मग दुसरा कागद उलटापालटा करून म्हणाला, "आणि धाकटा गोंधळला असेल. साहेबांसमोर भलेभले गोंधळतात."

ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रागावणाऱ्या माणसासमोर खरं बोलता येतं. जो सगळ्यांना आधीच माफ करून बसलाय त्याच्यासमोर तोंड कसं उघडायचं?

दुसऱ्या दिवसापासून तो डाव्या हाताने लिहायचा सराव करायला लागला. शाळेतल्या पोरासारखी वाकडीतिकडी अक्षरं काढत त्याने चार दिवसांत एक पत्र पुरं केलं. दवाखान्याच्या कारकुनाला. 'आपल्याकडून अनवधानाने चूक झालेली दिसते, ती दुरुस्त करून द्यावी, आपल्याला दोष देण्याचा हेतू नाही.' पाकीट चिकटवून त्याने ताईकडे दिलं, बाजारात जाशील तेव्हा टाक म्हणून. ताईने ते पिशवीत ठेवलं. टपालपेटीपाशी ती दोनदा गेली. दोन्ही वेळा पाकीट पिशवीतच राहिलं.

सुनावणीची तारीख पडली, गुरुवार. आधीच्या रविवारी ताई धाकट्याच्या घरी गेली. तो गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होता. गेले दोन महिने त्याने ताईच्या घरची पायरी चढली नव्हती. त्याने तिला पाहिलं आणि इस्त्रीचा वेग वाढवला. ताईने बसायचीही वाट न बघता सांगून टाकलं, की दवाखान्यात 'घरी' हे तिनेच सांगितलं.

धाकट्याने इस्त्री उभी केली. "मी म्हटलं होतं नाव घेऊ नको. घर कशाला आणलंस मधे?"

"तुझं नाव न घेता कारखाना कसा आणायचा? कुलूप काय आपोआप उघडतं?"

"भावजींनी तर नाव घेतलंच. अर्जात. मोठ्या अक्षरात."

"त्यांना तू काय बोललास ते माहीत नाही. मी काय बोलले तेही माहीत नाही. त्यांना वाटतंय तू गोंधळलास."

यावर धाकट्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मग त्याने सांगितलं की गुरुवारी त्यालाही कारखान्याचा साक्षीदार म्हणून यायचंय. सुपरवायझर स्वतःच्या गाडीतून नेणार आहे. फक्त वही वाचून दाखवायची, एवढंच काम. "मी काही खोटं बोलणार नाही, ताई. लिहिलंय तेच वाचणार."

"लिहिलंय कुणी?"

"मीच," धाकटा म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराने ओशाळला.

त्याच्या दोन्ही मुली आतल्या खोलीत पाढे म्हणत होत्या. त्याची सासूही तिथंच असायची. हे सगळं तो बोलला नाही, पण दर दोन मिनिटांनी त्याची नजर आतल्या दाराकडे जात होती, आणि ताईला ती नजर वाचता येत होती. त्यात भर म्हणजे त्या दिवशी भावजींना गाडीत घालायच्या आधीच त्याने घाईघाईने यंत्रावरचं रक्त पुसून काढलं होतं. नियमाआधी गेट उघडलं ते एक, अपघात लपवला ते दुसरं. एका कपाळाला दोन टेंगळं.

"मी तुझं नाव घेणार नाही," ताई म्हणाली. "पण मी खोटं बोलले होते, हे मी तिथं सांगणार आहे."

"म्हणजे सुरी माझ्या मानेवर ठेवायची आणि वर म्हणायचं, मी दाबत नाही."

"सुरी तुझ्याच हातात आहे रे."

धाकट्याची बायको चहा घेऊन आली. दोघांची तोंडं बघून ट्रे ठेवून आत गेली. चहावर साय धरली. ताई उठली तेव्हा धाकटा पुन्हा इस्त्री करत होता, त्याच शर्टाला, त्याच बाहीला.

गुरुवारी बाइंडर सकाळपासून खुशीत होता. ताईने त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली. बसमध्ये तो म्हणाला की खरं बोलायला तयारी लागत नाही, हे एक बरं असतं. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

कार्यालयाची खोली लहान होती आणि फायलींनी आणखी लहान झाली होती. अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनी ते रुमाल काढायचे. टेबलाच्या एका बाजूला केंद्रातल्या बाई, बाइंडर आणि ताई. दुसऱ्या बाजूला सुपरवायझर, आणि त्याच्या शेजारी कडक इस्त्रीच्या गणवेशात धाकटा, मांडीवर गेटची वही घेऊन. त्याने ताईकडे बघितलं नाही. बाइंडरने मात्र त्याला ओळखीचं हसू दिलं.

आधी बाइंडरला विचारलं. त्याने सगळं सरळ सांगितलं, अगदी यंत्र बंद आहे की नाही हे आपण नीट पाहिलं नाही, ती आपली चूक, हेही सांगितलं. केंद्रातल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग बाईंनी त्या दिवसाचा उत्पादनाचा तक्ता पुढे केला. पहिला गठ्ठा नऊ वाजून बारा मिनिटांनी बाहेर पडला होता. अधिकाऱ्यांनी सुपरवायझरला विचारलं, सरस वितळायला किती वेळ लागतो?

"चाळीस मिनिटं."

"मग टाकी कुणी लावली?"

"कुणीतरी लावली असेल, साहेब. हेच होते कशावरून? यांचं कार्ड त्या दिवशी कोरं आहे, गेट आठ पन्नासला उघडलं, आणि हे दवाखान्याचं." त्याने कागद पुढे सरकवला. "यांच्या घरच्यांनीच सांगितलेलं."

बाइंडर शांतपणे म्हणाला, "ती दवाखान्याची चूक आहे. मी त्यांना पत्र लिहिलंय."

"उत्तर आलं?"

"अजून नाही."

ताईच्या मांडीवर पिशवी होती, आणि पिशवीत ते पाकीट. ती उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, बाकीचे सगळे बसून बोलत होते, पण बसून तिला जमलं नसतं.

"दवाखान्याची चूक नाही," ती म्हणाली. "ते मी सांगितलं. घरी लागलं असं मीच सांगितलं. खोटं सांगितलं."

बाइंडरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ताईने त्याच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नऊच्या आधी ते आत आहेत हे कागदावर कुठंच नव्हतं. आणि अर्धवेळच्या माणसाला काही मिळत नाही, असंच आम्ही ऐकत आलो. मला वाटलं, आपल्याला मिळायचं तर नाहीच, मग निदान कुणाचं जाऊ तरी नये."

"कुणाचं?"

ताईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "माझं खोटं मी सांगितलं, साहेब. त्यापुढचं माझं नाही."

सुपरवायझर खुर्चीत मागे टेकला. "एकदा खोटं बोलणारी बाई दुसऱ्यांदा खरं बोलतेय हे कशावरून? आधी एक सोय, आता दुसरी सोय. या लोकांना सवयच असते."

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि धाकट्याकडे वळले. धाकटा उभा राहिला, वही उघडली, बोट ठेवून वाचलं, "आठ वाजून पन्नास मिनिटं."

"बरोबर आहे?"

"लिहिलंय ते बरोबर वाचलं मी."

"मी वहीचं विचारत नाही. गेट कधी उघडलं?"

धाकट्याने वही मिटली, पुन्हा उघडली. ताई जमिनीकडे बघत होती. तिला आत्ता एवढंच हवं होतं की त्याने काहीतरी बोलावं, कसंही बोलावं, पण हे थांबावं.

"आठ वीसला," धाकटा म्हणाला. "कधी सव्वाआठला. रोजच. सहा वर्षं." आणि एकदा बांध फुटल्यावर तो थांबेना. "भावजी आले नाहीत तर सरस थंड राहतो, साहेब, आणि हेच सुपरवायझर विचारायला येतात की टाकी का लावली नाही. यांना माहीत होतं. रक्त मी पुसलं. आणि ताईला मीच म्हटलं होतं, माझं नाव घेऊ नको. घर तिने मधे आणलं ते माझ्यामुळे. ती सवयीची खोटी नाही."

सुपरवायझर काहीतरी बोलायला लागला. अधिकाऱ्यांनी हात वर केला आणि बराच वेळ लिहीत बसले. शेवटी म्हणाले, लेखी आदेश पंधरा दिवसांत येईल. पण मालकाच्याच कामासाठी माणूस आधी येत होता हे स्पष्ट आहे, आणि अर्धवेळ असण्याने काही फरक पडत नाही. जबाब बदलल्याबद्दल रखवालदाराला वेगळं लिहून द्यावं लागेल. ताईलाही. मग त्यांनी पुढची फाइल ओढली.

बाहेर पायऱ्यांवर केंद्रातल्या बाईंनी बाइंडरची पाठ थोपटली आणि दुसऱ्या सुनावणीसाठी पळाल्या. तिघं उरली. समोरून सुपरवायझरची गाडी गेली. धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

"माझा डबा गाडीत राहिला," तो म्हणाला.

बसथांब्यावरच्या बाकावर तिघं बसली. मधे बाइंडर, त्याच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला धाकटा. ताईच्या मनात येत होतं, ओरडावं नवऱ्याने, काहीही म्हणावं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ते पत्र टाकलंस?"

"नाही."

"बरं केलंस. त्या बिचाऱ्या कारकुनाला उगाच..." तो थांबला. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंस. चार महिने एकटी काय करत होतीस?"

तिने पदराने डोळे टिपले, आणि त्याने डाव्या हाताने तिच्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, एवढंच.

धाकट्याने घसा खाकरला. "उद्या गेटवर जाऊ की नको, भावजी?"

"जा. वेळेवर जा."

"हाकललं तर?"

"तोंडी हाकललं तर ऐकू नकोस. लिहून माग. मग तो कागद घेऊन आपण दोघं माडीवर जाऊ, बाईंकडे." बाइंडरने जरा विचार केला. "आणि वहीत खरी वेळ लिही. मग काही का होईना."

धाकटा हसल्यासारखं करून रस्त्याकडे बघायला लागला. आदेश यायला पंधरा दिवस होते, आणि त्याला जायचं होतं उद्याच.

ताईने डबा काढला. दोघांपुरतंच आणलं होतं. झाकणात थोडं धाकट्याला दिलं, बाकीचं दोघांत. बाइंडर डाव्या हाताने खाताना सांडत होता, तरी कुणाची मदत घेत नव्हता. दोन-तीन घास झाले असतील नसतील, तोच वळणावर बस दिसली. ताईने घाईघाईने झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली, आणि डबा धाकट्याच्या हातात दिला.

"हा ठेव," ती म्हणाली. "तुझा मिळेल की नाही कुणास ठाऊक. उद्याला लागेल."

धाकट्याने डबा घेतला. बस थांबली तेव्हा भावजींचा उजवा दंड धरून त्याने त्यांना आधी वर चढवलं.